मासे मोजणारी फणी

मुलांना मोजायला शिकवताना पहिली अट मी तोंडी सांगत असे: जे मोजायचे ते मोजून होईपर्यंत जागेवर राहिले पाहिजे. चिंचोके राहतात, बांगड्यांचे तुकडे राहतात, दटावले तर बाकावरची मुलेही राहतात. इंदूरच्या एका मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली. या अटीला अपवाद असतो हे मात्र मला शाळेबाहेर, सांवेरच्या वाटेवरच्या एका मत्स्यबीज केंद्रावर कळले. माशांची पिल्ले विकायची तर मोजावी लागतात, आणि ती क्षणभरही जागेवर राहत नाहीत.

माझे यजमान कापड मिलच्या वीज खात्यात होते. प्रत्येक मागाला एक लहानसे मोजयंत्र बसवलेले असते. आडवा धागा नेणारा धोटा किती वेळा गेला ते त्याच्या चाकांवर आकड्यांत उमटते आणि त्या आकड्यावर विणकराची मजुरी ठरते. मिलमध्ये त्याला नुसते मीटर म्हणत. ही मीटरे दुरुस्त ठेवणे हे यजमानांचे काम. विणकर आणि मुकादम कितीही भांडोत, यांनी मीटर तपासून "बरोबर आहे" म्हटले की दोघेही गप्प होत. ते दोन शब्द हीच त्यांची मिळकत होती असे मला आज वाटते. पगार त्याच्यानंतर.

मिलला कुलूप लागले. पहिले काही महिने आशेवर गेले. मग ते बड़ा गणपतीजवळच्या एका दुकानात पंखे दुरुस्त करायला बसू लागले. एके दिवशी दुकानदाराने मला रस्त्यात थांबवले. "भाभीजी, बुरा मत मानना. भाईसाब एक पंखे को पूरा दिन देते हैं. पंखा सुधर जाता है, गिराक बिगड़ जाता है." हे सांगताना तो हसला नाही, त्यामुळे मलाही हसता आले नाही. त्यानंतर ते घरीच राहिले. सकाळी दाढी करत, इस्त्रीचा सदरा घालत आणि खुर्चीवर बसत. बोलणे कमी झाले, मग जवळजवळ बंदच झाले.

एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ते खाटेवर उताणे पडून छताच्या कडीकडे पाहत होते. कडीला लावलेला पंखा त्यांनी उतरवून जमिनीवर ठेवला होता.

"आवाज करत होता," ते म्हणाले.

पंखा आवाज करत नव्हता. मी चपलाही न काढता त्यांना उठवले, स्टुलावर चढवले, तो पंखा तेव्हाच्या तेव्हा पुन्हा लावायला लावला आणि तो फिरू लागेपर्यंत स्टूल धरून उभी राहिले. मला कशाची भीती वाटली ते लिहिण्याची गरज नाही. त्या दिवसापासून फळ्याकडे तोंड केले की माझ्या डोळ्यांपुढे ती कडी येई. या माणसाच्या हाताला त्याच्या जोगे काम मिळाले नाही तर तो राहणार नाही, हे मला गणिताच्या उत्तरासारखे स्वच्छ दिसत होते.

तेव्हा माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीचे वडील सांवेर रस्त्याला मत्स्यबीज केंद्र चालवत. सोयाबीनची काही जमीन खोदून त्यांनी तळी केली होती. घरावर टीव्हीची मोठी तबकडी बसवली होती आणि नव्या जमान्यावर त्यांचा फार विश्वास होता. एका संध्याकाळी मुलीला न्यायला आले आणि दारातच म्हणाले, "बेनजी, लड़की का गुणा-भाग कच्चा, बाप की गिनती कच्ची. दोनों की ट्यूशन लगा लो."

मी विचारले, गिनती कशाची?

ते सांगू लागले. मोठ्या तलावांत सोडण्यासाठी लोक त्यांच्याकडून बोटुकली नेत. बोटुकली म्हणजे बोटाएवढी वाढलेली माशाची पिल्ले. लाखांनी जाणारा हा माल एकेक करून कोण मोजणार? म्हणून जाळीच्या तळाची एक वाटी घेत. पाणी निथळून वाटीभर बोटुकली परातीत ओतायची, तेवढी एकेक मोजायची आणि पुढे फक्त वाट्या मोजायच्या. शाळेत ज्याला आपण सरासरी म्हणतो त्याचाच हा प्रकार. पण नमुन्याची वाटी कोणती घ्यायची यावर सगळे अवलंबून. घेणारा म्हणे ती सैल भरलेली घ्या, देणारा म्हणे ती शिगोशीग घ्या. दर हंगामात भांडणे होत आणि भांडण मिटेपर्यंत उन्हात पिल्ले मरत.

"टीवी पे देखा मैंने. विलायत में मशीन गिनती है. इधर मछली घुसी, उधर आँकड़ा निकला. अपने यहाँ कौन बनाएगा?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "करता येईल."

मी दचकले. कित्येक दिवसांत त्या खोलीतून शब्द आला नव्हता. यजमान दारात येऊन उभे राहिले आणि मिलच्या जुन्या मराठीमिश्रित हिंदीत म्हणाले, "मागावर हजारो धागे असतात, सेठजी. गिने जाते हैं. मछली मोटी है धागे से."

सेठजी हसले, पण आत येऊन बसले. जाताना त्यांनी शब्द दिला: घेणाऱ्यासमोर यंत्राची मोजणी हाताच्या मोजणीशी जुळली तर यंत्र मी घेईन आणि ते चालवणारा माणूसही बारा महिने कामावर ठेवीन. त्या रात्री यजमान पोटभर जेवले.

दुसऱ्याच दिवशी ते भंगार बाजारात गेले आणि पिशवीतून पाच मीटरे घेऊन आले. बंद मिलांचे माग तोडून विकले होते, त्यांवरची ती होती. "यातली दोन माझ्या हातची आहेत," ते म्हणाले. "स्क्रूच्या डोक्यावर मी खूण करायचो." ती खूण त्यांनी मला दाखवली नाही, अंगठा तेवढा तिच्यावरून फिरवला.

यंत्राची कल्पना समजायला अवघड नाही. एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला फोटोसेल, म्हणजे प्रकाश पडला की वीज देणारी चकती. मधून मासा गेला की सावली पडते, वीज क्षणभर तुटते आणि त्या झटक्याने एक लोहचुंबक मीटरचा दात पुढे ढकलतो. अडचण एवढीच की दोन मासे शेजारी शेजारी गेले तर सावली एकच पडते. यावर यजमानांना मिलनेच उत्तर दिले. मागावर धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून एक लांब पोलादी फणी असते. तिच्या प्रत्येक फटीतून ठरावीक धागेच जातात. त्यांनी माशांसाठी फणी केली. उतरत्या पत्र्यावर एका माशापुरत्या रुंदीच्या पाच नाल्या, प्रत्येक नालीच्या तोंडाशी बिजागरीची लहान झडप, शेवटी काचेची खिडकी, आणि प्रत्येक नालीला स्वतःचे मीटर. पाचही आकड्यांची बेरीज म्हणजे मोजणी.

स्वयंपाकघराची कर्मशाळा झाली. मासे नव्हते म्हणून आम्ही भिजवलेली मटकी पाण्याबरोबर सोडून पाहिली. मी दाणे मोजून देई, ते मीटर वाचत. आकडे जुळले त्या दिवशी त्याच मटकीची उसळ केली. वाढताना ते म्हणाले, "जपून वाढ. हिशेबातली आहे."

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी विनोद केला होता.

मग सेठजींनी प्लास्टिकच्या पिशवीत थोडी जिवंत बोटुकली पाठवली आणि सगळे बिघडले. मटकी प्रवाहाबरोबर जाते. मासा जात नाही. वाहत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करतो आणि जागच्या जागी पोहत राहतो. ती पिल्ले नालीत उतरत, काचेच्या खिडकीशी येऊन उलटी वळत आणि तिथेच शेपट्या हलवत राहत. एकेक पिल्लू दिव्यापुढे वीसवीसदा मोजले जाई. मीटर टकटक करत धावत सुटे.

"धागा कधी मागे वळला नाही गं," यजमान म्हणाले. त्यांनी दिवा बंद केला आणि अंधारात बसून राहिले. मी लगेच दिवा लावला. त्यांना अंधारात बसू देण्याची माझी तयारी नव्हती.

विज्ञानाच्या शिक्षिकेला इथे एक गोष्ट सुचणे भाग होते. वळायला माशाला दोन गोष्टी लागतात: अंग बुडेल एवढे पाणी आणि थोडा वेळ. आम्ही पत्र्याचा उतार वाढवला आणि पाण्याचा थर इतका पातळ केला की पिल्लू पोहण्याऐवजी घसरावे. पिल्ले घसरू लागली. टक्, टक्, टक्. प्रत्येकी एकदाच.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मिल बंद झाल्यावर हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

परीक्षेचा दिवस पावसाळा सरल्यावरचा. मी शाळेतून रजा घेतली. यंत्र चादरीत गुंडाळून टेंपोत घातले आणि आम्ही दोघे मागे त्याला धरून बसलो. इस्त्रीचा सदरा, कंगव्याने बसवलेले केस. मिलच्या पहिल्या पाळीला निघावे तसे ते निघाले होते.

तळ्याच्या काठी सेठजी होते आणि मोठ्या तलावाचा ठेका घेतलेले एक गिऱ्हाईक होते. मोजणीचे काम वर्षानुवर्षे करणारी एक बाई परात पुढ्यात घेऊन बसली होती. वीज नव्हती. सेठजींनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. ठरले असे की बाईने एक टबभर बोटुकली हाताने मोजून बाजूला काढायची आणि मग तोच टब यंत्रातून जायचा.

यजमान यंत्र मांडू लागले आणि मी बाईशेजारी जाऊन बसले. परातीत तिची बोटे इतकी चपळ चालत की मासे आणि बोटे वेगळी दिसत नव्हती. पहिल्या माशाला ती एक म्हणत नसे, बरकत म्हणे. मग दो, तीन, चार.

"बेनजी, मशीन आई तो म्हारो कई?" मोजता मोजता तिने मालवीत विचारले.

"तुम्हें भी काम रहेगा," मी म्हटले. मला ते ठाऊक नव्हते.

"रेवा दो. मास्टरनी झूठ बोले तो कान लाल हुई जाय," ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. "दो सौ बारा. नी, तेरा. तमने भुलाई दियो."

हाताची मोजणी झाली. सेठजींनी आकडा मोठ्याने सांगितला. यजमानांनी दिवे लावले, पाणी सोडले, झडपा उघडल्या. झडपा आवाज न करता उघडल्या आणि पिल्ले नाल्यांतून चांदीच्या तारांसारखी घसरत खालच्या टबात पडू लागली. पाचही मीटरे टकटकत होती. मी बेरीज केली.

यंत्राचा आकडा जास्त आला. थोडा, पण जास्त.

गिऱ्हाईक लगेच म्हणाले, "देख लो सेठ! मशीन तो मछली पैदा भी करती है."

यजमानांचा चेहरा मी पाहिला. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मीटरांना हात लावला नाही, कुणाशी वादही घातला नाही, फक्त माझ्याकडे पाहिले. पंखा उतरवला होता त्या दुपारी ते कडीकडे तसेच पाहत होते.

वर्गात उत्तर चुकले की मी मुलांना सांगे, आधी कृती तपासा, मग स्वतःला दोष द्या. मी बाईला म्हटले, पुन्हा थोडे मोजून दाखव. ती मोजू लागली. शंभर झाले. तिने आकडा सांगितला आणि पुढच्या शेकड्याला हात घालण्याआधी एक मासा नुसताच टबात टाकला.

"हा कुठला?"

"ऊपर को. सैकड़ा पे एक. रस्ता में मरे वो भगवान को. उके कोई गिने हे कई?"

शेकड्यामागे एक न मोजलेला मासा. मी जमिनीवर काडीने भागाकार मांडून दाखवला. तिच्या आकड्यात हे वरचे मासे मिळवले आणि दोन्ही मोजण्या तंतोतंत जुळल्या. गिऱ्हाइकाने आकडे स्वतः ताडून पाहिले आणि मान हलवली. सेठजींनी यजमानांच्या पाठीवर थाप मारली. "वाह भिया! मशीन ने भगवान का हिस्सा भी गिन लिया!" बाईही हसली. यजमान हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला, आणि कित्येक महिने माझ्या छातीवर असलेले ओझे त्या श्वासाबरोबर उतरले असे मला वाटले.

चहा आला. आम्ही उभ्याउभ्याच घेत होतो. बाईने टबात डोकावले आणि म्हणाली, "सेठजी, ई ऊपर कैसे अई री हे?"

बोटुकली पाण्याच्या वर येत होती. तोंडे उघडी, श्वासाला धडपडणारी. काही आडवी झाली होती आणि त्यांची पांढरी पोटे दिसू लागली होती. पाण्यावर रंगीत तवंग होता; मोराच्या पिसासारखा, फार सुंदर.

मी यजमानांकडे पाहिले. यंत्राशेजारी, चादरीच्या घडीवर, लांब चोचीची तेलाची कुपी ठेवलेली होती.

मिलमध्ये रोज पाळी सुरू होताना पहिले काम तेल देणे. बिजागरी, दांडा, चाक. तेल न देता यंत्र चालू करणे म्हणजे तिथे अधर्म. मी बाईशी बोलत बसले होते तेव्हा त्यांनी पाचही झडपांना, मीटरांच्या दांड्यांना, जिथे जिथे धातू धातूवर फिरतो तिथे तिथे, मागाचे तेल सढळ हाताने दिले होते. घरच्या प्रयोगांत कधी दिले नव्हते, कारण ते प्रयोग होते. आज काम होते. कापडाला त्या तेलाचा डाग पडला तर धुऊन निघतो. माशाच्या कल्ल्यांना त्याचा थर बसला की पाण्यातली हवा आत जात नाही. मी विज्ञान शिकवते. हे मी एका वाक्यात सांगू शकते.

यजमान गुडघ्यांवर बसले आणि ओंजळीने तवंग काढू लागले. तवंग ओंजळीत येत नाही, बोटांच्या बाजूने निसटतो. बाईने दुसऱ्या टबात ताजे पाणी ओतले आणि पिल्ले हलवू लागली. तेही त्याच पाण्यात हात घालून एकेक पिल्लू उचलून तिकडे सोडत होते, आणि त्यांच्या हातांचे तेल त्या पाण्यातही पसरत होते. बाईने त्यांची मनगटे धरून बाजूला केली. "तम रेवा दो, भैया. तम हाथ मत लगाओ."

काही पिल्ले वाचली. बहुतेक गेली.

सेठजी ओरडले असते तर बरे झाले असते. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "भाईसाब, मशीन में खोट नहीं है. तेल मशीन ने नहीं डाला." त्यांनी यंत्राकडे हात केला. "मशीन रख लेता हूँ. मेरा भाणेज चला लेगा, डिप्लोमा किया है उसने. आदमी... आदमी का नहीं बनेगा."

यजमान उठून उभे राहिले. सदऱ्यावर पाण्याचे आणि तेलाचे ओघळ होते. "मला तेल देऊ नका, सेठजी. कुपी हाथ में मत देना. बाकी सब मैं करूँगा. तनखा भी मत देना. सिर्फ बाजू में खड़ा रहने दो."

"बिना तनखा के आदमी को मना कैसे करूँ?" सेठजी म्हणाले. "इसीलिए अभी कर रहा हूँ. बेनजी, ले जाओ इनको."

त्यानंतर यजमानांनी जे केले ते मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. त्यांनी काठावर उभ्या असलेल्या सेठजींच्या भाच्याला जवळ बोलावले आणि यंत्र कसे चालवायचे ते त्याला पहिल्यापासून शिकवले. उतार किती, पाणी किती पातळ, काच कशाने पुसायची, मीटर शून्यावर कसे आणायचे. शांतपणे, एकही पायरी न गाळता. मी आयुष्यभर शिकवले, पण इतके चांगले समजावणे मला क्वचितच जमले असेल. भाचा हूँ हूँ करत होता आणि अधूनमधून टबाकडे पाहत होता.

रस्त्यावर बसची वाट पाहत आम्ही एका बाभळीखाली थांबलो. ते मातीने हात चोळत होते, पुन्हा पुन्हा.

"वास येतोय का?" त्यांनी हात माझ्या नाकापाशी आणले.

मासळीचा आणि तेलाचा, दोन्ही वास येत होते. "कमी झालाय," मी म्हटले.

ते पुन्हा खाली वाकून माती घेऊ लागले. बस आली. गर्दी होती; सोयाबीनची पोती, दुधाचे रिकामे डबे, उभी माणसे. कंडक्टर म्हणाला, "भाईसाब, डंडा पकड़ो, गिर जाओगे." त्यांनी दांडा धरला नाही. दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे वर करून ते गर्दीच्या मध्ये उभे राहिले, कुणाच्याही कपड्याला लागू नयेत म्हणून. बसने ब्रेक मारला की ते झोकांडत आणि मी त्यांना कोपराजवळ धरी. एका हाताने वरचा दांडा, दुसऱ्या हाताने त्यांचे कोपर. इंदूर येईपर्यंत मी ते सोडले नाही. घरी गेल्यावर काय करायचे, उद्या शाळेत जायचे की नाही, त्यांना एकटे ठेवायचे की नाही, यातले काहीच मला ठरवता येत नव्हते. दिवे दिसू लागले तेव्हा लोक उतरायला पुढे सरकले आणि आम्हीही त्यांच्याबरोबर सरकलो.